माधवनगर ते सातारा: वीस मिनिटांच्या खुर्चीसाठी

साताऱ्याहून पार्सल आलं. आत होतं ते असं: कंदी पेढे अर्धा किलो, डब्यावरची किंमत दोनशे ऐंशी. वाघ्या घेवडा एक किलो, घरच्या रानातला, म्हणून किंमत नाही. नातीसाठी लोकरीचं टोपडं, तेही हातचं. एस.टी.ची पोचवणावळ साठ रुपये, पाठवणाऱ्यांनीच भरलेली. आणि सगळ्यात खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं एक हिरवं कूपन: ‘खुर्चीवरील मालिश. वेळ वीस मिनिटे. रु. १५०. रविवार सकाळ.’ कूपनाच्या पाठीवर पेनानं लिहिलेलं, ‘वैनी, पैसे भरलेत. आता यावंच लागंल.’

पाठवणाऱ्या म्हणजे शालन वन्सं, माझ्या नणंदबाई. ह्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण हुकूम सोडण्यात सगळ्यांत मोठ्या. त्यांचे यजमान फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. साताऱ्यात सदर बझारात घर आहे. आम्ही इकडे सांगलीजवळ माधवनगरला. मी वहीत लिहिते आणि माझी सून अश्विनी ते या ब्लॉगवर चढवते, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहेच.

मालिश हा शब्द वाचून मी कूपन आधी चहाच्या डब्याखाली सरकवून ठेवलं होतं. आमच्याकडे मालिश बाळंतिणीला नाहीतर पैलवानाला. मी दोन्हीपैकी काही नाही. पण जावं लागलं, आणि का ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल.

माझी नात सई गेल्या वर्षी श्रावणाच्या शेवटी सातव्या महिन्यातच झाली. ओंजळीत मावेल एवढी. कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी देवाला म्हटलं, हिला घरी आण, वर्षाच्या आत तुझ्या पोथीचं सात दिवसांचं पारायण करीन. माझ्या तोंडानं, पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत. सई घरी आली. आता भिंतीला धरून उभी राहते आणि माझ्या चष्म्याची काडी चावते. देवानं त्याचं केलं. माझंच राहिलं होतं.

चैत्रात बसले होते मी. दुसऱ्या दिवशी अकराव्या अध्यायात मान खाली गेली ती वर येईना. उजव्या हाताच्या बोटांत मुंग्या. ह्यांनी धरून उठवलं. पोथी मध्येच मिटावी लागली. तिच्यावर वस्त्र घालताना मी देवाची माफी मागितली. डॉक्टरांनी फोटो काढला. हाडं ठीक, शीर कुठं दबलेली नाही, स्नायू दोरखंडासारखे आखडलेत म्हणाले. गोळ्या दिल्या, शेक सांगितला, व्यायाम सांगितले. गोळ्या घेतल्या, शेक घेतला. व्यायाम केले नाहीत, खोटं कशाला लिहू. अश्विनी म्हणाली, “आई, फोनवर लावते पारायण, तुम्ही नुसतं ऐका.” पोर मनापासून बोलली. पण शब्द माझ्या तोंडाचा दिलेला. सईचा वाढदिवस महिन्यावर आला आणि मला अर्धा तास मान खाली घालता येत नव्हती. म्हणून चहाच्या डब्याखालचं कूपन बाहेर काढलं.

शनिवारी निघाले. पिशवीत काय घेतलं ते सांगते, म्हणजे तुम्ही घेणार नाही. घाण्यावरचं तिळाचं तेल पाव लिटर, जुना परकर, जुनं पोलकं, अंग पुसायला पंचा. मालिश म्हणजे तेल लागणारच, आणि दुसऱ्याच्या दारात तेल मागायचं कशाला? वन्संसाठी सांगलीच्या पेठेतली हळकुंडं अर्धा किलो. वाटेत खायला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

माधवनगरहून सांगली स्टँडपर्यंत वडाप रिक्षा, माणसं भरली की सुटणारी, वीस रुपये. स्टँडवर स्वारगेटची गाडी उभीच होती. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं साताऱ्यापर्यंत शंभराच्या थोडं वर गेलं. रेल्वे याहून स्वस्त पडते, पण सातारचं स्टेशन गावापासून लांब आहे आणि वाचलेले पैसे रिक्षावाला घेतो. एस.टी.च बरी. एकच सांगते, हायवेचं काम चालू आहे. गाडी मिनिटामिनिटाला बाजूच्या रस्त्यावर उतरते आणि पुन्हा चढते. तीन तासांचे साडेतीन धरा. मान दुखत असेल तर मागच्या चाकावरची सीट घेऊ नका. मी घेतली होती, कारण तीच खिडकीची रिकामी होती.

शेजारी एक बाई बसली, मांडीवर नव्या साडीची पिशवी. पंचमी आठवड्यावर आली होती, माहेरी शिराळ्याला निघाली होती. ती बोलत होती आणि मी समोर बघत होते, कारण मान वळत नव्हती. थोड्या वेळानं ती म्हणाली, “आवं ताई, काय चुकलं का माझं? मी मघापासनं बोलतीया आन् तुमी डायवरच्या डोक्याकडं बघताय.”

मी सगळी कमरेपासून तिच्याकडं फिरले आणि सांगितलं. तिला इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावला. मग कुठं निघाले तेही सांगितलं.

“खुर्चीवर मालिश? म्हंजे न्हाव्याकडं असतीया तसली खुर्ची?”

“माहीत नाही बाई. बघायची आहे.”

ती जवळ सरकली आणि आवाज उतरवून म्हणाली, “कापडं काढाय लावत्यात का वं?”

आता खरं सांगते, माधवनगरपासून माझ्याही मनात तोच प्रश्न होता. मी म्हटलं, “काढायला लावली तर उठून येईन.”

“मग दीडशे रुपय बुडलं,” ती म्हणाली, आणि पेठ नाक्याला उतरताना खिडकीखालून ओरडली, “काढू नगासा वं ताई!” सगळी गाडी माझ्याकडं बघायला लागली. मला मात्र वळून बघता येत नव्हतं, ते एक बरंच झालं.

कऱ्हाड स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबते. खाली उतरून पाय मोकळे करा, पण पर्स सांभाळा. मी भाकरी तिथंच खाल्ली. साताऱ्याला पोचले तेव्हा बारीक पाऊस होता आणि अजिंक्यताऱ्यावर ढग उतरला होता असं लोक म्हणत होते. मला किल्ला दिसला नाही. ढगामुळं नव्हे, मान वर करता येत नव्हती म्हणून. स्टँडपासून सदर बझारापर्यंत रिक्षा पन्नास. आधी ठरवून बसा.

वन्संच्या घरी पिशवी उघडली आणि दोघी कपाळाला हात लावून बसलो. तेलाच्या बाटलीचं झाकण हायवेच्या धक्क्यांनी ढिलं झालेलं. परकर, पोलकं, पंचा, सगळं तेलात निथळत होतं. हळकुंडं तर लोणच्याच्या फोडींसारखी चकाकत होती.

“वैनी, त्येल कशाला आणलं?”

“मालिशला.”

“आवं, तितं त्येल लावत न्हाईत! कापडावरनंच करत्यात. साडी नेसून बसायचं, साडी नेसून उठायचं.”

मी खाली बसले. माधवनगरपासून मनात घेऊन आलेला प्रश्न तिथंच सुटला. तेल वाया गेलं याचं वाईटसुद्धा वाटलं नाही. भाऊजी, म्हणजे सुभेदार, ओसरीवरून म्हणाले, “वाया कुठं गेलं? हळकुंडाची मालिश झाली की!”

रविवारी सकाळी आठला निघालो. घरापासून दहा मिनिटांवर ज्येष्ठ नागरिकांचं विरंगुळा केंद्र आहे. पुढच्या खोलीत म्हातारे कॅरम खेळतात. मागच्या खोलीत रविवारी सकाळी ही मालिश चालते, बायकांना नऊपर्यंत, पुरुषांना नंतर. मालिश करणारी मुलगी मंगल, तिशीची असेल. माण तालुक्यातली, बापाची मेंढरं होती. लहानपणी देवी येऊन गेल्यासारखा ताप आला आणि दोन्ही डोळ्यांची नजर गेली. पुण्यात एका अंध मुलींच्या शाळेत हे काम शिकली. वन्संनी हे मला वाटेत सांगितलं. मी मनात म्हटलं, दिसत नाही म्हणजे माझ्या पोलक्याचं ठिगळ तरी दिसणार नाही. असले विचार येतात, काय करणार.

खुर्ची बघून मात्र मी गोंधळले. ती खुर्ची नव्हतीच. लोखंडी सांगाडा, मध्ये बसायला तिरपी गादी, खाली गुडघे टेकायला दोन गाद्या, समोर छातीला एक फळी आणि वर तोंडासाठी कडं, चुंबळीसारखं. मी नेहमीच्या खुर्चीवर बसावं तशी त्या फळीला पाठ लावून बसले आणि पाय कुठं ठेवायचे ते शोधायला लागले. मंगलनं हात पुढं केला तो थेट माझ्या गुडघ्याला लागला.

“मावशी, उलट्या बसलाय तुमी. तोंड तिकडं, पाठ माज्याकडं. पाठीचं काम हाय, तोंडाचं न्हाई.”

वन्सं हसून भिंतीला टेकल्या. “तोंडाचं बी करून घे गं, आमच्या वैनीचं लय चालतं.”

बसायच्या आधी तिनं प्रश्न विचारले. तुम्हालाही विचारतील, खरं सांगा. बीपी आहे का, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या आहेत का, कुठं हाड मोडलं होतं का, ताप आहे का, बोटांना मुंग्या येतात तर डॉक्टरांना दाखवलंय का. मी फोटोचं सांगितलं. “दावलंय ना? मग बेस,” म्हणाली. शेवटचा प्रश्न, काय खाल्लंय? मी काही खाल्लं नव्हतं. देवाचं झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही ही माझी सवय, आणि वन्संच्या घरची पूजा व्हायची होती. तिनं कपाटावरून अचूक एक केळं काढलं. “पोट गच्च भरून बी याचं न्हाई, रिकाम्या पोटी बी न्हाई. चक्कर येती. खावा.” मी केळं हातात घेऊन बसले. वन्सं म्हणाल्या, “देवाला मी सांगते. खा.” खाल्लं.

मग ती म्हणाली, “गळ्यातलं काढून ठेवा.”

इथं सगळं अडलं. मी मंगळसूत्र काढत नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली. सोनाराकडं गाठवायला द्यायचं तेव्हासुद्धा आधी दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घालते आणि मगच काढते. मी तसं सांगितलं. मंगल म्हणाली, “मावशी, मणी मानेत रुततील, दाब द्येता येणार न्हाई. नको असंल तर नुसतं हातांचं करते.” ओढाताण केली नाही, रागावली नाही. मला मानेचंच तर हवं होतं. पोथी मानेनंच अडवली होती. मी उठायला लागले.

वन्संनी पिशवीत हात घातला आणि तेलकट हळकुंड काढलं. सकाळी वाटेत एका ओळखीच्या घरी द्यायला घेतलेलं, सांगलीचं, मीच आणलेलं. “दोरा हाय का गं मंगल?” तिच्याकडं शिवणाचा डबा होता. वन्संनी दोरा पिवळा केला, हळकुंड बांधलं, माझ्या गळ्यात घातलं आणि माझं मंगळसूत्र स्वतःच्या मुठीत धरून समोर उभ्या राहिल्या. वीस मिनिटं ती मूठ त्यांनी उघडली नाही. मंगल म्हणाली, “बारीक दोरा चालतोय, मी बाजूला सरकवीन.” सुटले.

कड्यात तोंड घातलं. त्यावर कागद असतो, प्रत्येकीला नवा. माझं कुंकू त्यावर उमटलं असणार. कड्यातून खालची फरशी दिसते आणि मालिश करणारीचे पाय. तेवढंच. मंगलचे पाय अनवाणी, एका अंगठ्याच्या नखाला मेंदी. एवढ्या लहान मुलीच्या पायाशी डोकं टेकवून बसल्यासारखं वाटलं आणि आधी अवघडले. डोकं मी देवापुढं टेकवते, थोरांपुढं टेकवते.

आधी तिनं दोन्ही तळवे खांद्यांवर नुसते ठेवले. काही केलं नाही. सईला झोपवताना तिच्या पाठीवर मी हात ठेवते तसे. मग मणक्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे खाली उतरवत नेले, मणक्यावर नव्हे, कडेनं. मग कोपर खांद्यावर ठेवून हळूहळू भार दिला. तिथं कळ आली ती डोळ्यापर्यंत गेली. मी काही बोलले नाही. आपल्याला बोलायची सवय नसते.

हात थांबले. “मावशी, श्वास कोंडून धरलाय. दुखतंय न्हवं?”

“थोडं.”

“थोडं न्हाई, लय दुखतंय. हाताला कळतंय मला. सोसायचं न्हाई हितं. दुखलं की बोलायचं, मी हात हलका करते. सोसून मालिश होत न्हाई.”

चौतीस वर्षांत मला कुणी असं सांगितलेलं नाही. मी म्हटलं, “दुखतंय.” तिनं हात हलका केला. मग मीच सांगायला लागले, इथं, जरा वर, हां, तिथं. आणि त्या हां-हूंमध्ये कधीतरी माझ्या डोळ्यातलं पाणी कड्यातून खाली पडायला लागलं. कळ गेली होती तरी पडत होतं. एक थेंब तिच्या मेंदीच्या अंगठ्यावर पडला. तिनं पाय हलवला नाही. ज्यांना होईल त्यांनी घाबरू नका, तिथं कुणी बघत नाही.

“मान खाली घालून कायतरी करताय तुमी,” ती म्हणाली. “शिवण का वाचन?”

मी पायांना सगळं सांगितलं. सई, काचेची पेटी, अकरावा अध्याय. तिचे अंगठे माझ्या मानेच्या खाली फिरत होते.

“पोथी कुठं ठेवताय?”

“पाटावर. मी चटईवर. सासूबाईंच्या वेळेपासून तसंच.”

“पाट किती उंच?”

“चार बोटं.”

“मावशी, मी बी वाचते. पर मी बोटानं. पुस्तक मांडीवर, मान सरळ, बोटं चालत्यात. तुमचं काम डोळ्याचं. मग पोथी डोळ्यापाशी पायजे. मी आज मोकळी केलेली मान तुमी परत चार बोटांच्या पाटावर वाकवली, तर चार दिसांत परत दोरी व्हईल. पाट उंच करा.”

“तसं कसं करणार? पोथीची जागा ठरलेली.”

“उंच बसवल्यावर देव रागावतो व्हय?”

पोथीपेक्षा आपण उंच बसायचं नाही, हे मला माहीत. पोथीनं आपल्यापेक्षा उंच बसायचं नाही, असं कुणी कधी सांगितलं होतं? कुणीच नाही. पाट चार बोटांचा, कारण सासूबाईंकडं तोच एक पाट होता. इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

शेवटी तिनं हात झटकून मोकळे केले, एकेक बोट ओढलं, डोक्यावर बोटं फिरवली आणि पाठीवर हलक्या थापट्या मारल्या, पीठ झटकावं तशा. “सावकाश उठा. आधी बसून ऱ्हावा.” पाणी दिलं. मी तिला विचारलं, “दिवसाला अशा किती जणींचं करतेस? तुझे हात दुखत नाहीत?” ती हसली. तेवढ्यात कॅरम सोडून आलेले एक आजोबा दारात खाकरले, पुरुषांची वेळ झाली होती. उत्तर राहून गेलं.

बाहेर आलो. पाऊस थांबला होता. वन्संनी मूठ उघडून मंगळसूत्र माझ्या गळ्यात घातलं. मी सहज वर बघितलं आणि समोर अजिंक्यतारा होता. पूर्ण. तटबंदी, त्यावरचा टॉवर, वर सरकणारा ढग. मी रस्त्याच्या मध्ये उभी. वन्संनी दंडाला धरून बाजूला ओढलं. “वैनी, टरक येतोय! मान मोकळी झाली म्हणून जीव मोकळा करताय का काय?” राजवाड्याजवळच्या मारुतीला गेलो, तिथं डोकं टेकवलं आणि कुणी न धरता वर उचललं. दुपारची गाडी धरून संध्याकाळी घरी.

दार उघडून ह्यांनी माझ्या गळ्याकडं बघितलं. हळकुंड काढायचं मी विसरलेच होते. मंगळसूत्र आणि हळकुंड दोन्ही. “काय गं,” हे म्हणाले, “साताऱ्यात दुसरं लगीन लावून आलीस?” अश्विनी हसून हसून आत पळाली.

आता ज्यांना फक्त गोडच वाचायचं आहे त्यांनी इथं थांबावं. सोमवारी सकाळी मला उठवेना. खांदे काठीनं बडवल्यासारखे. मी अंथरुणातच रडकुंडीला आले, वाटलं झालं, हातचं होतं तेही गेलं, आता पारायण विसरा. वन्संना फोन लावला. भाऊजींनी उचलला. “वैनी, पयल्या पीटीनंतर धा दांडग्या जवानांना रडताना बघितलंय मी. पानी प्या, शेका, उद्या बोला.” मंगळवारी दुखणं निम्मं झालं. बुधवारी मी वेणी घालताना हात डोक्यामागं नेला आणि तो गेला. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम त्याच दिवसापासून सुरू केले. मालिशनं दार उघडतं, पण आत आपल्यालाच जावं लागतं, असं मला तरी वाटतं.

पोथीसाठी ह्यांनी बैठक केली. हे चाळीस वर्षं यंत्रमागावर होते, लाकडाची माया आहे. चौरंगावर सासूबाईंचा चार बोटांचा पाट, त्यावर जुन्या मागाच्या लाकडाची तिरपी फळी. मी चटईवर बसले, ह्यांनी टेप लावून पोथी माझ्या डोळ्यांच्या रेषेत आणली. सासूबाईंचा पाट काढला नाही, मधे ठेवला. अशी पोथी उंच बसलेली बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, “सिंहासनच केलंय की गं!” मी म्हटलं, हो.

पंचमी झाल्यावर बसले. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी अकरावा अध्याय आला तेव्हा अश्विनी सईला कडेवर घेऊन दारात उभी. अकरावा झाला. बारावा झाला. चौथ्या दिवशी खांदा पुन्हा बोलायला लागला, ते लपवत नाही. प्रत्येक अध्यायानंतर नमस्कार करायचा असतोच. मी नमस्कार जरा मोठा करायला लागले, खांदे मागं फिरवून, दोनदा मान दोन्हीकडं वळवून. मुंग्या आल्या नाहीत. सातव्या दिवशी शेवटची ओवी माझ्या तोंडून निघाली. पोथीवर वस्त्र घातलं. या वेळी माफी मागावी लागली नाही. सई त्या तिरप्या फळीला धरून उभी राहिली आणि फुलांचा हार ओढून खाली पाडला. कुणी रागावलं नाही. तिच्या वाढदिवसाला अजून नऊ दिवस होते.

कुणाला जायचं असेल तर थोडक्यात: अंगावरचे कपडे अंगावरच राहतात. तेल नेऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा, आणि मालिशवालीला दुखलं की दुखलं म्हणा. एका फेरीत सगळं बरं होत नाही, पण कुठं आखडलंय ते कळतं. आणि आपल्या पाटाची उंची बघा.

काल मी साताऱ्याला पार्सल पाठवलं. प्रसादाचे लाडू अकरा, हळकुंडं अर्धा किलो (यावेळी कोरडी), पोचवणावळ साठ. आत वन्संना चिठ्ठी घातली, तीच इथं उतरवून थांबते.

‘शालन वन्संना सप्रेम नमस्कार. तुमच्या कूपनाचं पारायण झालं. पाच लाडू तुमचे, सहा मंगलचे, तिच्या हातातच द्या. तिला म्हणावं, पोथी उंच बसवली, देव रागावला नाही. मी त्या दिवशी तिला एक विचारलं होतं, तेवढ्यात आजोबा आले आणि राहिलं. तिचे हात दुखत नाहीत का, ते तुम्ही विचारा. आणि हेही विचारा: एवढ्या जणींच्या खांद्यांवर हात ठेवणारीच्या खांद्यावर कोण हात ठेवतं? कुणी नसेल तर कड्यात तिला बसवा आणि सांगेल तसा तुम्ही हात चालवा, त्या दिवशी मूठ धरलीत तेवढा घट्ट चालेल. काय म्हणाली ते उलट टपाली कळवा. वाट बघते.’